तळाचे दोन घोट

आज सकाळी चहावर तवंग आला आणि कळलं, उन्हाळा लागला. कॅलेंडर काहीही म्हणो. आमच्या रुआबांध्यात, भिलाईच्या कडेच्या या वस्तीत, उन्हाळ्याची वर्दी बोअर देतो. जमिनीतलं पाणी खाली खाली जातं, जातं तसं जड होत जातं, आणि अशा पाण्याचा चहा कपात ओतून जरा ठेवला की त्यावर एक पातळ मळकट पापुद्रा धरतो. फुंकर घातली की त्याला भेगा पडतात. पाहुण्याला वाटतं साय आहे. साय असती तर तक्रार कशाला केली असती?

काल संध्याकाळी पाणी उकळून ठेवायचं माझ्याकडून राहून गेलं. सकाळी तसंच नळाखाली भांडं धरलं, पत्ती टाकली, आलं ठेचलं आणि मनाला म्हटलं, एक दिवस चालतं. पुढच्या ओसरीत आई आणि शेजारच्या देवांगन भाभी बसल्या होत्या. दोघींच्याही गुडघ्यांनी संप पुकारलेला, त्यामुळे दोघी दोन खुर्च्यांवर पाय लांब करून. मी ट्रे ठेवला आणि मुकाट्यानं आत आले. चहावरचा तो तवंग पाहिला की मला हटकून आमचा या घरातला पहिला उन्हाळा आठवतो. एका कपापायी आईनं स्वतःला किती छळून घेतलं होतं तेही आठवतं.

त्या वर्षी बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि सेक्टरमधलं, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतलं, क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. बाबा तरुणपणी एक ट्रंक घेऊन भिलाईला आले ते आलेच. माझा जन्म, शाळा, कॉलेज, सगळं त्या क्वार्टरमध्ये. तिथं नळाला प्लांटचं पाणी यायचं, शुद्ध करून सोडलेलं, मऊ. ते मऊ आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. जे रोज मिळतं त्याला कोणी नाव ठेवत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

त्या नळाच्या पाण्यावर आईचा चहा उभ्या गल्लीत गाजला होता. शिफ्ट सुटली की बाबांच्या मागे दोघं-तिघं यायचेच. कोणी केरळचं, कोणी ओडिशाचं, कोणी बिहारचं. चहाला भाजलेल्या विटेचा रंग यायचा. लोक म्हणायचे, वहिनींच्या हाताला चव आहे, आणि आई पदरानं कपाळ पुसत ते कबूल करून टाकायची. अर्धी चव नळाची होती हे आम्हाला रुआबांध्यात आल्यावर समजलं.

नव्या घरातला पहिला चहा मला चांगला आठवतो. सामान अजून खोक्यांत होतं, पंखे लागायचे होते, दारातून तापलेल्या मुरमाचा वास येत होता. बाबांनी घोट घेतला, कपात पाहिलं, पुन्हा घोट घेतला. मग हळूच विचारलं, पत्ती खोक्यातच राहिली का? आई म्हणाली, रोजच्यापेक्षा दुप्पट टाकली आहे. चहाचा रंग भिजवलेल्या मातीसारखा होता आणि चव कशाचीच नव्हती. वर तो तवंग. बाबांनी तो संपवला, कारण बाबांनी आईचा चहा कधी टाकलेला नाही. पण दुसरा मागितला नाही.

मग एकेक करून कळत गेलं. साबणाला फेस येईना. केस काथ्यासारखे झाले. तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊनही बोटाला टोचायची. कूलरच्या गवताच्या जाळ्यांवर पांढरे थर बसायचे आणि वारा सुटला की त्यांची पूड अंथरुणावर पडायची. चहाच्या गंजात, आमच्याकडच्या बोलीत गंज म्हणजे पातेलं, आठवड्याभरात खडूसारखं अस्तर धरलं. बाबांना मात्र त्याचा आनंदच झाला. नखानं ते अस्तर खरवडत म्हणाले, बॉयलरच्या ट्यूबला अगदी असंच स्केल धरतं. नोकरी सुटल्याचं दुःख त्यांना त्या दिवसापुरतं हलकं झालं असावं. प्लांट घरी आला होता.

देवांगन भाभी आल्या त्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा घेऊन. त्यांच्या अंगणातल्या झाडाच्या, कोवळ्या, हातभर. मूळच्या इथल्याच, छत्तीसगडातल्या बालोदकडच्या. बोलायला मोकळ्या, आवाज असा की भिंतीपलीकडून हाक मारली तरी भिंत आहे असं वाटू नये. आईनं लगबगीनं चहा टाकला. भाभी बसल्या, घर न्याहाळलं, समोरच्या भिंतीवरची बुद्धमूर्ती पाहिली, गप्पा मारल्या, आईला दीदी म्हणाल्या. गेल्या तेव्हा कपात तळाशी दोन घोट चहा उरला होता.

आईनं तो कप उचलला आणि कुणी नाणं खोटं आहे का पाहावं तशी पाहत राहिली.

दुसऱ्यांदा आल्या तेव्हाही तेच. तिसऱ्यांदाही. मधल्या काळात जयंती येऊन गेली. बाबांनी गच्चीवर निळा झेंडा लावला, आईनं पांढरं लुगडं नेसून दारात रांगोळी काढली, आम्ही कॅंप-१ या वस्तीत नातेवाइकांकडे जाऊन जेवून आलो. आता अख्ख्या गल्लीला आम्ही कोण ते ठाऊक झालं. त्यानंतर भाभी आल्या, हसल्या-बोलल्या आणि पुन्हा दोन घोट ठेवून गेल्या.

आईच्या मनात काय चाललं होतं हे मला कळायला वेळ लागला, कारण ती गोष्ट तिनं आयुष्यात एकदाच सांगितली होती. लहानपणी ती तिच्या वडिलांबरोबर शेतमालकाच्या घरी जायची. या दोघांसाठीचा कप वेगळा, कान तुटलेला, बाहेर वळचणीत पालथा घातलेला असायचा. आपणच तो काढायचा, आपणच पुढे करायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळायचा आणि पुन्हा पालथा घालून ठेवायचा. सेक्टरमध्ये आल्यावर तो कप तिच्या मनातून गेला. तिथं सगळेच परगावचे, सगळेच शिफ्टवाले, आणि सगळे तिच्या हातचा चहा मागून प्यायचे. तो चहा हाच तिचा दाखला होता. रुआबांध्यात येऊन तो दाखला कोणीतरी परत मागतंय असं तिला वाटू लागलं.

आईची शंका खुळी नव्हती, हे मी आजही म्हणेन. गल्लीच्या टोकाचं एक घर होतं, तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी पूर्ण नाव विचारलं आणि नंतर आमच्या दारात पाऊल टाकलं नाही. त्यांच्या बाबतीत पाण्याचा प्रश्नच नव्हता. पण भाभी यायच्या, बसायच्या, प्यायच्या आणि तरी ठेवायच्या. म्हणजे तोंडदेखलं पिणं? की चहाच वाईट म्हणून? एका दुपारी कपबशा धुताना मी आईला म्हटलं, सोड ना, आवडत नसेल त्यांना. आईनं नळ बंद केला.

"मले ते समजून घ्यायचं हाय," ती म्हणाली. "आधी पाण्याचा दोष काढून टाकू. मंग जे उरल, ते मानसाचं."

त्या एका वाक्यानं आमच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. घरात आई, बाबा आणि मी, आणि तिघांचंही एकच काम, चहा. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरायचं. आत कूलरचा घर्रघर्र आवाज, ओल्या गवताचा वास, आणि ओट्यावर ओळीनं मांडलेले कप. मला नोकरी नव्हती, परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते, तेव्हा चाखायला मी होतेच. त्या उन्हाळ्यात मी जितका वाईट चहा प्यायले तितका माझ्या ओळखीतल्या कोणी जन्मात प्यायला नसेल.

बाबांनी सुपेल्याच्या बाजारातून महागडी पत्ती आणली. चहा महाग झाला, चांगला झाला नाही. मग त्यांना प्लांटमधलं काहीतरी आठवलं आणि त्यांनी उकळत्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला. रंग झकास आला, काळाभोर. बाबांनी मिशीवरून हात फिरवला. घोट घेतला आणि चेहरा असा झाला की मी चाखायचंही टाळलं. धुणं भिजवलेल्या बादलीची चव होती म्हणे. पुढच्या दिवशी लिंबू. लिंबानं तवंग गेला हे खरं, कोरा चहा असा स्वच्छ दिसला की आम्ही तिघं त्यावर वाकून पाहत राहिलो. मग सवयीनं आईनं दूध ओतलं आणि ते फाटलं. शेजारणीला कोरा चहा देणं आईच्या बुद्धीला पटेना. दूध नसलेला चहा म्हणजे घरात दूध नाही असं सांगणं.

शेवटी बाबा स्कूटरवर कॅन बांधून जुन्या सेक्टरमध्ये गेले आणि ओळखीच्या नळावरून पाणी भरून आणलं. त्या दिवशीचा चहा. काय सांगू. विटेचा रंग, आल्याचा वास सरळ नाकात, जिभेवर ती जुनी कडक गोडी. मी आईला म्हटलं, झालं की, आता भाभींना बोलाव, याच पाण्याचा पाज आणि बघ काय करतात ते. आई कपाकडे पाहत म्हणाली, हा चहा सेक्टरचा आहे. मला या घरचा पाजायचा आहे.

मला तेव्हा तिचा राग आला होता. आज वाटतं, माणूस राहतो तिथल्या पाण्याशी त्याला जमवून घ्यावंच लागतं. रोज उठून जुन्या घरच्या नळावर कॅन घेऊन किती दिवस जाणार?

उपाय सापडला तो बाबांच्या पोटदुखीमुळे. उन्हानं पोट बिघडलं म्हणून आईनं संध्याकाळी गंजभर पाणी खळखळ उकळून, झाकून, कोपऱ्यात ठेवलं होतं. सकाळी नळाला पाणी नव्हतं, वीज गेली होती आणि बोअर बंद. म्हणून तिनं त्याच गंजातलं वरवरचं पाणी ओगराळ्यानं काढून चहाला घेतलं. रंग आला. सेक्टरचा नाही, पण आला. तवंग नाही. आईनं झाकण काढून गंजात पाहिलं तर तळाशी पांढरं पीठ बसलेलं आणि वर पाणी नितळ. बाबा अंथरुणावरूनच म्हणाले, "उकळलं का पाणी आपला चुना सोडून देते. आमी हेच करत होतो ना प्लांटात, मोठ्या गंजात." मग इतके दिवस का नाही सांगितलं, असं आईनं विचारलं तेव्हा त्यांनी कूस बदलली.

पुढचं सगळं आईचं. पाणी संध्याकाळीच उकळायचं, चांगलं रटरटू द्यायचं, झाकायचं आणि मग भांडं हलवायचं नाही. कोणी धक्का मारला तर त्याला शिव्या. सकाळी वरचं पाणी अलगद घ्यायचं, तळाला हात लावायचा नाही. एकदा उकळलेलं पाणी मेल्यासारखं लागतं, म्हणून ते उंचावरून दोनदा या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं. पत्तीला आधी नुसत्या पाण्यात उकळू द्यायचं, दुधाला घाई नाही. आणि चहाचा गंज चिंचेच्या चोथ्यानं घासून असा ठेवायचा की आत अस्तराचा कण दिसता कामा नये, कारण जुनं अस्तर नव्या चहात उतरतं. मी आजही हेच करते. आळस केला नाही तर.

ज्या दिवशी तो चहा पुरता जमला, त्या दिवशी बाबांनी कप रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. घर लागल्यासारखं वाटलं मला, तेव्हा, पहिल्यांदा.

आईनं भाभींना हाक मारली. नवे कप काढले. मी दाराआडून पाहत होते. भाभींनी घोट घेतला, भुवया वर केल्या, आज चाय एकदम बढ़िया बनी है दीदी, म्हणाल्या. पत्ती बदलली का, विचारलं. भुर्र भुर्र करत मिटक्या मारत प्यायल्या. आणि तळाशी दोन घोट राहिल्यावर कप खाली ठेवून पदरानं तोंड पुसून घरी गेल्या.

आई ओट्याशी गेली. कप धुतला, गंज धुतला, ओटा पुसला. पाण्याचा दोष तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकला होता. आता उरलं ते कशाचं हे ती आधीच बोलून बसली होती. संध्याकाळी तिनं पाणी उकळलं नाही. बाबा विचारायला गेले तर म्हणाली, जीव थकला. मला त्या बाईची, तिच्या मुनग्याची आणि तिच्या त्या दीदी-दीदीची चीड आली.

मग अक्ती आली. आपली अक्षय तृतीया, पण छत्तीसगडात त्या दिवशी पोरी मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, हळद लावून, मांडव घालून, वरात काढून, अगदी खऱ्यासारखं. भाभींच्या नातीनं मांडला होता तो संसार आणि आम्हाला बोलावणं होतं. आई जायला तयार नव्हती. बाबा म्हणाले, बाहुलीचं लग्न आहे, नाही गेलीस तर ती पोर नवरीकडचं कोणी आलं नाही म्हणेल. त्याला काही अर्थ नव्हता, पण आई हसली आणि लुगडं बदलायला उठली.

त्यांचं अंगण शेणानं सारवलेलं, गार. आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव गुडघ्याएवढा. गल्लीतल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या, कोणी गाणं म्हणत होत्या, पोरी हळदीनं पिवळ्या झाल्या होत्या. चहा आला. फिकट, मातकट, तवंगाचा, आमच्या पहिल्या दिवसासारखा अगदी. आईनं आयुष्यात ताटात शीत आणि कपात थेंब ठेवलेला नाही. ती शेवटपर्यंत प्यायली, आणि शेवटच्या घोटाला तिला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. तोंडात चुन्याची कचकच, जुन्या गंजातलं अस्तर उतरलेलं. भाभी धावत आल्या, पाठीवर थापटत होत्या आणि हसतही होत्या.

"खाल्हे के ला झन पी दीदी, ओमा चूना बइठे रथे," त्या म्हणाल्या. खालचं पिऊ नको ताई, त्यात चुना बसलेला असतो.

आईनं वर पाहिलं. मीही पाहिलं. अंगणभर कप होते. सारवलेल्या जमिनीवर, उंबऱ्यावर, तुळशीच्या कठड्यावर. गाणं म्हणणारीच्या मांडीजवळ, म्हातारीच्या काठीजवळ. आणि प्रत्येक कपात, भाभींच्या स्वतःच्या कपातसुद्धा, तळाशी दोन घोट चहा. या गल्लीत कोणी चहा संपवतच नव्हतं. वर्षानुवर्षं जड पाण्याचा चहा पिऊन त्यांच्या ओठांना सवय पडली होती, तळ आला की कप आपोआप खाली. आमच्याकडेही तेच. आमच्या घरी काय, राजाच्या घरी काय.

आई हसायला लागली. ठसक्यातून हसू, हसूतून पुन्हा ठसका. बायांना वाटलं चुनाच जास्त गेला. घरी येईपर्यंत ती पदर तोंडाला लावून हसत होती, आणि दारात आल्यावर पायरीवर बसून रडली. मी शेजारी बसले. ती म्हणाली, पाणी उकळायला ठेव.

दुसऱ्या दिवशी भाभी उरलेला प्रसाद घेऊन आल्या. आईनं चहा दिला आणि त्यांच्या समोरच बसली. कप तळाला आला, भाभींचा हात खाली जाऊ लागला, तेव्हा आई म्हणाली, तिच्या त्या नागपुरी हिंदीत, इसमें चूना नहीं है, पूरा पिओ. भाभींनी कपात वाकून पाहिलं. घाबरत एक घोट घेतला. जीभ फिरवली. दुसरा घेतला. मग गंमत म्हणून, एक थेंबही उरला नाही हे दाखवायला, त्यांनी कप बशीत पालथा घातला आणि टाळी वाजवली.

तो पालथा कप मला दिसला आणि आईकडे पाहायचं धाडस होईना. ती त्याच्याकडे पाहत होती. वळचण, तुटका कान, वडील, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असेल की नाही, मी कधी विचारलं नाही. तिनं तो सरळ केला आणि म्हणाली, "अजून घेता का?" भाभींनी घेतला.

त्यानंतर भाभींनी आमच्याकडून उकळून ठेवायची रीत शिकून घेतली, मग त्यांच्याकडून आणखी दोघींनी. टोकाच्या घरचं मात्र काही बदललं नाही. त्या बाई अजून येत नाहीत. आईनं त्यांचं मनाला लावून घेणं कधीच सोडलं. म्हणते, तिथं चहाच पोचला नाही, तर चव कशी कळणार.

आज इतक्या वर्षांनी हे सगळं आठवत मी आत ओट्याशी उभी होते, आणि बाहेर कप ठेवल्याचा आवाज आला. ट्रे आणायला गेले. भाभींच्या कपात तळाशी दोन घोट चहा उरला होता. वर तो मळकट पापुद्रा, भेगाळलेला. आईनं त्या कपाकडे पाहिलं. भाभींकडे पाहिलंच नाही. मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं.

"काल पाणी ठेवलं नवतं तू," ती म्हणाली.